चारशे पोत्यांची मिठी

दुपारचा डबा घेऊन बायको गोदामाच्या दारात आली, तेव्हा गोदामबाबू खताच्या एका पोत्याला मिठी मारून, डोळे मिटून उभे होते.

ती थोडा वेळ थांबली. मिठी काही सुटेना. शेवटी तिने घसा खाकरला.

"थांब जरा," डोळे न उघडता ते म्हणाले. "कोपऱ्यात काहीतरी टोचतंय."

"तुमच्या शर्टाचं बटण असेल."

बटणच होतं. गोदामबाबूंनी पोतं सोडलं, कानावरची पेन्सिल काढून वहीत त्या पोत्याच्या नंबरापुढे 'मऊ' असं लिहिलं आणि शेजारच्या पोत्याकडे वळले.

"लग्नाला चोवीस वर्षं झाली," डबा स्टुलावर ठेवत ती म्हणाली. "माझ्या वाट्याला एवढा वेळ कधी आल्याचं आठवत नाही."

"तुझ्यात गाठी होत नाहीत," गोदामबाबू म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पोत्याला मिठी मारली.

त्यांना हसण्यात अर्थ नव्हता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि गोदामबाबूंचं तोंड गेल्या हंगामात चांगलंच पोळलं होतं. दाणेदार खताचा स्वभाव असा, की हवेतला ओलावा दिसला की ते तो ओढून घेतं. दाणे ओलसर होतात, एकमेकांना चिकटतात, वरच्या पोत्यांच्या वजनाने दाबले जातात आणि मग त्यांचा दगड होतो. गेल्या हंगामात सोसायटीच्या गोदामात अशी बासष्ट पोती दगड झाली. एका शेतकऱ्याने त्यातल्याच एका पोत्यातलं खत पेरायच्या यंत्रात ओतलं, तर यंत्राची फिरती तबकडीच तुटली. तो तशीच खताची एक ढेप खांद्यावर घेऊन आला आणि त्याने ती मॅनेजरच्या टेबलावर ठेवली.

"हे पेरायचं," त्याने विचारलं, "की याच्यावर घर बांधायचं?"

मॅनेजर फार बोलणारा माणूस नव्हता. त्याने गोदामबाबूंना बोलावून एवढंच सांगितलं, "यंदा एक पोतं जरी दगड झालं, तर गोदामाची चावी तुमच्या मेहुण्याकडे जाईल आणि तुम्ही काउंटरवर बसाल."

हे मात्र जिव्हारी लागलं. ती चावी बावीस वर्षं गोदामबाबूंच्या कमरेला होती. लग्नाकार्यातसुद्धा ती त्यांनी काढली नव्हती. आणि मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, तो सोसायटीच्या पुढच्या बाजूला विक्रीच्या काउंटरवर बसायचा. बसायचा हे अगदी शब्दशः. उठून पंखा लावण्याऐवजी उकाडा सहन करणारा माणूस तो. त्याच्या हाती चावी जाणार, या कल्पनेनेच गोदामबाबू कमरेची चावी चाचपून बघायचे. त्यांनी कंबर कसली. यंदा एक दाणा दुसऱ्या दाण्याला चिकटू द्यायचा नाही.

सुरुवात त्यांनी फार शहाणपणाने केली, हे कबूल करायला हवं. हवा कोरडी होती तेव्हाच चारशे पोती भरून घेतली. जमिनीवर लाकडी चौकटी टाकल्या, भिंतीपासून हातभर जागा सोडली, आठावर नववं पोतं चढवू दिलं नाही, वरून प्लास्टिकचा कागद पांघरला आणि एकुलती एक खिडकी पट्ट्या मारून बंद केली. मॅनेजरच्या मागे लागून हवेतलं पाणी ओढून घेणारं एक यंत्रही आणवलं. त्या यंत्राची नळी भिंतीतून बाहेरच्या गटारात सोडलेली होती, त्यामुळे त्याच्याकडे बघायचीही गरज नव्हती. भिंतीवर ओलावा दाखवणारा काटा टांगला. काटा पंचावन्नावर होता. पासष्टला तांबडी रेघ होती. यापुढे गोदामबाबू हंगामभर आजोळी जाऊन राहिले असते तरी चाललं असतं.

पण खताच्या कंपनीने दिलेल्या माहितीपत्रकात पहिलाच नियम होता, 'गोदामाचे दार बंद ठेवावे.' तो गोदामबाबूंनी इतका मनावर घेतला, की आत सगळं कोरडं राहिलंय ना हे बघायला ते तासातासाला दार उघडू लागले.

पावसाळी दिवस होते. आठवडाभर उन्हाचं नाव नव्हतं. गोदामबाबू ठिबकता रेनकोट घालून आत शिरायचे, काटा बघायचे, दहा-वीस पोत्यांना मिठी मारायचे, बाहेर यायचे आणि कुलूप तीनदा ओढून बघायचे. चौथ्या दिवशी काटा अठ्ठावन्नावर गेला.

"दाजी," काउंटरवर बसल्या बसल्या मेहुणा म्हणाला, "दार उघडलं की बाहेरची हवा आत जात असेल."

"हवा आत जाते का, तेच बघायला तर मी आत जातो."

"मग नका जाऊ."

"आणि मग कळणार कसं?"

यावर मेहुण्याला उत्तर द्यायचा कंटाळा आला. गोदामबाबूंनी तासाचा अर्धा तास केला.

आता भिंतीबाहेरच्या नळीतून चांगली धार लागली. ती पाहून गोदामबाबूंना कोण आनंद झाला. ते मॅनेजरला ओढत घेऊन आले.

"बघा साहेब, कसं काम करतंय यंत्र. परवा नुसते थेंब पडत होते. आज धार आहे."

मॅनेजरने धार बघितली. "एवढं पाणी होतं आत?"

"होतं म्हणजे? आपल्याला पत्ताच नव्हता."

दोघेही समाधानाने त्या धारेकडे बघत उभे राहिले. त्यांच्या पाठीमागे गोदामाचं दार सताड उघडं होतं.

काटा एकसष्ट झाला. नुसत्या मिठीने पोत्याच्या पोटातलं कळत नाही, असं गोदामबाबूंच्या मनाने घेतलं. मग त्यांनी धान्य तपासतात तसली टोकदार पोकळ नळी आणली आणि दर दहाव्या पोत्यात खुपसून दाणे बाहेर काढून बघू लागले. दाणे सुटे होते. तेवढा दिलासा मिळाला. भोकांवर त्यांनी चिकटपट्टी लावली, आणि ती नीट चिकटली आहे का हे बघायला दुसऱ्या दिवशी काढून बघितली. या सगळ्यात थोडे दाणे फरशीवर सांडायचेच.

ते सांडलेले दाणे सासूबाईंच्या नजरेला पडले. सासूबाई चार दिवसांसाठी लेकीकडे आल्या होत्या, आणि जावई दिवसभर करतो तरी काय हे बघायला एकदा डब्याबरोबर गोदामावर आल्या. निश्चयाच्या बाबतीत त्या जावयाला हार जाणाऱ्या नव्हत्या. त्यांनी दारातूनच फरशी बघितली आणि पदर खोचला.

"काय ही घाण. इथे बसून जेवता?"

"सहावा नियम तोच आहे, आई," गोदामबाबू कौतुकाने म्हणाले. "सांडलेले दाणे ताबडतोब उचलावेत. ते पाणी धरतात."

"द्या इकडे झाडू. तुम्ही जा, समोर बसून जेवून घ्या."

गोदामबाबू पहिल्यांदाच निश्चिंत मनाने काउंटरवर जाऊन जेवले. आपल्या बाजूने कोणीतरी उभं राहिलं, याचं त्यांना बरं वाटलं. पंचवीस मिनिटांनी ते परत आले, तर फरशी आरशासारखी चमकत होती आणि सासूबाई तिसरी बादली गटारात ओतत होत्या.

"नुसतं झाडून निघत नव्हतं," त्या म्हणाल्या. "मग दोन हात पुसून घेतलं. कोपऱ्यात तर साबण लावला."

काटा एकाहत्तरावर होता. तांबडी रेघ खाली राहिली होती. गोदामबाबू सासूबाईंना काही बोलले नाहीत, कारण सासूबाईंना बोलायचं असतं हे त्यांना चोवीस वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं. शिवाय त्या खरंच दमल्या होत्या.

पण आता गप्प बसून भागणार नव्हतं. फरशी चौकटींच्या खालीही ओली होती. ती कोरडी करायची, तर चारशे पोती हलवायला हवी होती. गोदामबाबूंनी सहा हमाल बोलावले. निम्म्या गोदामातली पोती उरलेल्या निम्म्यात न्यायची, फरशी कोरड्या फडक्याने पुसायची, पंख्याने वाळवायची, मग उलट. हमालांनी शर्ट काढले आणि कामाला लागले. पाच तास दार उघडं होतं. सहा माणसांचा घाम निथळत होता. हमालांच्या नाकी नऊ आले, पण गोदामबाबू चौकटीन् चौकट स्वतः हाताने चाचपून बघत होते. पाच वाजता काटा चौऱ्याहत्तर होता.

"बाबू, उद्या बघू," हमालांचा म्होरक्या म्हणाला. "एकच पोतं राहिलंय."

"आज म्हणजे आज," असं म्हणून गोदामबाबूंनी ते शेवटचं पोतं स्वतःच कवेत घेतलं आणि उचललं.

त्यांच्या कमरेत काहीतरी कट्कन वाजलं. पण ते ओरडले ते त्यामुळे नव्हे.

"गाठ आहे," ते म्हणाले.

"कमरेत?" म्होरक्याने विचारलं.

"पोत्यात."

त्यांना सरळही होता येईना आणि पोतंही सोडता येईना. हमालांनी शेवटी दोघांना एकदमच उचललं आणि अलगद खाली ठेवलं.

डॉक्टरांनी दहा दिवस पाठ टेकून पडून राहायला सांगितलं. अकराव्या दिवशी खत कंपनीच्या तपासनीस बाई येणार होत्या. एक पोतं गाठाळलेलं आहे, हे गोदामबाबूंनी फक्त बायकोला सांगितलं, तेही भिंतीकडे तोंड करून. बावीस वर्षांची अब्रू एका पोत्यात अडकली होती आणि ते पोतं त्यांच्या हाताबाहेर होतं. त्यांना रडू यायचंच बाकी होतं.

त्या संध्याकाळी मेहुणा आला. गोदामबाबूंनी कमरेची चावी काढायला जेवढा वेळ घेतला, तेवढ्यात त्याचा चहा पिऊन झाला. चावीबरोबर एकतीस कलमांची यादी होती.

"अर्ध्या तासाला दार उघडून काटा बघायचा. दिवसाला शंभर मिठ्या. भोकांच्या पट्ट्या बघायच्या. सगळं वाचलंस?"

"हो, दाजी."

"न वाचताच हो म्हणतोस."

"तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार."

दुसऱ्या दिवसापासून मेहुणा रोज संध्याकाळी येऊन खुर्चीत बसायचा.

"काटा?" गोदामबाबू छताकडे बघत विचारायचे.

"पंचावन्न."

"काल चौऱ्याहत्तर होता."

"उतरला."

पाचव्या दिवशीही पंचावन्न, सहाव्या दिवशीही पंचावन्न.

"मिठ्या मारल्यास?"

"मारल्या."

"किती वेळ लागला?"

मेहुण्याने जरा विचार केला. "वेळ नाही बघितला. मनापासून मारल्या."

दहा दिवस गोदामबाबूंना झोप अशी लागली नाही. अकराव्या दिवशी सकाळी ते पहिल्यांदा कुशीवर वळले, आणि त्यांना दाराआडचा खिळा दिसला. खिळ्याला चावी लटकत होती.

"ही इथे कधी आली?" त्यांनी बायकोला विचारलं.

"पहिल्याच दिवशी. जाताना अडकवून गेला. खिसा जड होतो म्हणाला."

"म्हणजे दहा दिवस दारच उघडलं नाही? आणि विक्री?"

"पावसामुळे कोणी फिरकलंच नाही म्हणे."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही उठून गेला असता," ती शांतपणे म्हणाली आणि त्यांच्यासमोर चहा ठेवला.

चहा तसाच राहिला. गोदामबाबूंनी चावी घेतली आणि ते निघाले. कमरेतून काटकोनात वाकलेले असल्यामुळे त्यांना रस्ताभर फक्त जमीन दिसत होती. मागून बायको छत्री धरून येत होती. सोसायटीच्या आवारात त्यांना मॅनेजरचे काळे बूट दिसले, त्यांच्याशेजारी चिखलाने भरलेले अनोळखी बुटके बूट दिसले, आणि थोड्या अंतरावर मेहुण्याच्या चपला.

"या," काळ्या बुटांवरून मॅनेजरचा आवाज आला. "या मॅडम तुमचीच वाट बघत होत्या. उघडा."

गोदामबाबूंनी चाचपडत कुलूप उघडलं. आत गेल्यावर त्यांनी मान वर करायचा प्रयत्न केला, पण नजर दुसऱ्या थरापलीकडे जाईना.

"काटा किती आहे?" त्यांनी विचारलं.

"चोपन्न," बाई म्हणाल्या.

"नीट बघा, मॅडम. चौऱ्याहत्तर असेल."

"मला चोपन्न आणि चौऱ्याहत्तरमधला फरक कळतो."

बाईंनी कुठलंही पोतं काढायला सांगितलं. मग दुसरं, मग तळाचं. हमालाने एकेकाची शिवण उसवून खत घमेल्यात ओतलं. गोदामबाबूंना दिसत काही नव्हतं, पण ऐकू येत होतं. दाणे मोहरीसारखे सुळसुळत पडत होते. असा आवाज त्यांनी कित्येक पावसाळ्यांत ऐकला नव्हता.

मग बाईंचे बूट दाराजवळच्या त्या शेवटच्या पोत्यापाशी थांबले. गोदामबाबूंनी डोळे मिटले.

"याच्यात गाठ आहे," त्या म्हणाल्या.

बायकोने छत्री मिटली. घमेल्यात काहीतरी धप्पकन पडलं, आणि मग बोटांनी चुरल्याचा आवाज आला.

"बोटाने फुटते. भुगा झाला," बाई म्हणाल्या. "याला दगड म्हणत नाहीत. या भागातल्या अकरा गोदामांमध्ये मी एवढं सुटं खत यंदा बघितलं नाही. तुम्ही नक्की काय केलंत ते मला लिहून हवंय, बाकीच्यांना पाठवते."

गोदामबाबूंच्या डोळ्यांत पाणी आलं. तोंडातून 'एकतीस कलमं' एवढे शब्द निघतही होते. पण खाली बघणाऱ्या माणसाला खोटं बोलणं अवघड जातं. समोर मेहुण्याच्या चपला होत्या.

"शेवटचे दहा दिवस मी नव्हतो," ते म्हणाले. "त्याला विचारा."

"काय करत होतात तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"काही नाही," मेहुणा म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे दार उघडायला उठावं लागतं, मॅडम. काउंटरवरून ती नळी दिसते. दाजी होते तेव्हा तिला धार असायची. ते पडले, त्या संध्याकाळी थेंब झाले. चार दिवसांनी थेंबही थांबले. म्हटलं, यंत्राला ओढायला आत काही उरलेलं नाही. मग कशाला उठायचं?"

"तेच तर करायचं असतं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी लिहून घेतलं. त्यांना एक ओळ पुरली.

बाई गेल्यावर मॅनेजर दारात उभा राहिला. त्याचा शब्द आठवून गोदामबाबूंनी चावी पुढे केली होती. ती तशीच हातात होती.

"ठेवा ती," मॅनेजर म्हणाला. "पोतं दगड झालं तर चावी जाईल, असा माझा शब्द होता. एकही झालेलं नाही. चावी तुमचीच."

गोदामबाबूंना कमरेतून थोडं सरळ होता आलं.

"फक्त," मॅनेजर म्हणाला, "तुम्ही आत जायचं नाही. दार दुपारी एक ते दोन उघडेल. चावी तुम्ही मेहुण्याला द्यायची आणि समोर झाडाखाली खुर्ची टाकून बसायचं. दोन वाजता तो परत आणून देईल."

"मला उठावं लागेल," मेहुणा कुरकुरला.

"दिवसातून एकदा," मॅनेजर म्हणाला.

गोदामबाबू त्या दिवशी झाडाखाली बसले. त्यांना वाईट वाटलं, ते त्यांनी बायकोला सरळ सांगितलंही. बावीस वर्षं ज्या पोत्यांसाठी जीव टाकला, त्यांना आपला हात न लागणंच मानवतं, हे कोणाच्याही पचनी पडलं नसतं. पण घमेल्यात पडणाऱ्या दाण्यांचा तो सुळसुळाट कानातून जात नव्हता.

संध्याकाळी पावसाची झड वाढली. गोदामबाबू दोनदा घराच्या दारापर्यंत जाऊन आले. तिसऱ्यांदा त्यांनी रेनकोट चढवला.

"कुठे?" बायकोने विचारलं.

"दार नीट लागलंय ना, तेवढं बघून येतो."

"कुलूप तुमच्यासमोर लावलं ना त्याने?"

"कुलूप लागलंय. पण आत झड येत नाही ना, ते बघायला हवं."

"कसं बघणार?"

"दार उघडू..." गोदामबाबू म्हणाले, आणि थांबले.

बाहेर पाऊस पडत राहिला. पोती मऊ ठेवायचीच, हा त्यांचा निश्चय अजून तसूभरही ढळलेला नव्हता. तो पार पाडायला आता काय करावं लागेल, एवढंच त्यांना त्या क्षणी स्वच्छ दिसलं. त्यांनी रेनकोट उतरवला, कमरेची चावी काढली आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा, कोणी न मागता, ती बायकोच्या हातात दिली.

"सकाळी दहाला दे," ते म्हणाले.

"एकला देईन," ती म्हणाली.